ताईचा व्हिसा

दुसऱ्यांच्या घरी गणपती येतात, गौरी येतात. आमच्या घरी वर्षातून दोनदा ताई यायची. तिचा व्हिसा जिवंत ठेवायचा असायचा. आखातात राहिलेल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. बाबांच्या नोकरीवर ज्याला तिथं राहायचा परवाना मिळालाय, ते माणूस सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं की परवाना मरतो. ताई मिरजेला मामा-मामींकडे राहून शिकत होती. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एकदा आणि मे महिन्यात एकदा तिनं दुबईला यायचं, पासपोर्टवर शिक्का उमटवून घ्यायचा आणि परत जायचं. ‘पोरीचा व्हिसा मरायला नको,’ असं आई इतक्या काळजीनं म्हणायची की लहानपणी मला वाटे, व्हिसा हा ताईच्या पोटातला एखादा नाजूक अवयव आहे आणि तो मला दिलेला नाही.

ती मिरजेला का राहिली याची गोष्ट छोटी आहे. बाबा आधी एकटे दुबईत होते, इतर चारजणांबरोबर एका खोलीत. त्यांना दुबईतल्या करामा भागात फ्लॅट मिळाला तेव्हा मी आईच्या कडेवर होते आणि ताईचं नाव नुकतंच मिरजेच्या शाळेत घातलं होतं. मामी म्हणाल्या, एवढं एक वर्ष राहू दे तिला, शाळा मोडायला नको. त्या एका वर्षाला शेपूट फुटत गेलं. ताई हुशार निघाली, मामींना मूलबाळ नव्हतं, इकडच्या शाळांत मराठी नव्हतं. दरवर्षी नवीन कारण मिळे आणि दरवर्षी विमानतळावरून परतताना आई टॅक्सीत काचेकडे तोंड करून बसे. मी मध्ये बसलेली असे. त्या टॅक्सीत मला कुणी काही विचारत नसे.

करामातलं आमचं घर म्हणजे एक बेडरूम, एक हॉल आणि बाबांनी ॲल्युमिनियमच्या चौकटी लावून बंद करून घेतलेली बाल्कनी. ती बाल्कनी माझी खोली. आत एक पलंग मावायचा आणि पलंगावर मी. खिडकीखाली एक कॅफेटेरिया होता, तिथला पोऱ्या दिवसभर ‘दो चाय, एक पराठा’ ओरडायचा. एसी खिडकीतला, म्हातारा, सुरू होताना खोकायचा आणि मग त्याचं पाणी बाहेरच्या बादलीत टपटपत राही. पहाटेची अजान, मग आईच्या कुकरची शिट्टी, मग शाळेच्या बसचा हॉर्न, या क्रमानं मी उठायचे. आजही कुठं एसी खोकला की मला शाळेला उशीर झाल्यासारखं वाटतं.

ताई यायची ठरली की ही बाल्कनी तिची होई. माझी चादर निघे, कपाटातली फुलांची चादर पलंगावर चढे, उशीला नवा अभ्रा. माझी रवानगी हॉलमधल्या सोफ्यावर. बाबा भल्या सकाळी देऱ्याच्या मासळी बाजारात जाऊन अख्खी सुरमई आणत, कारण मामींच्या घरी मासे वर्ज्य. आई श्रीखंडाला चक्का टांगून ठेवी आणि त्याच्याखालून मी नाक मुरडत जाई. ताई यायची ती भडंगाचे डबे घेऊन, दोन घट्ट वेण्या घालून, दारात चपला नीट जोडीनं काढून. माझ्या चपला आयुष्यात कधी जोडीनं निघालेल्या नाहीत.

आणि मग ते जेवण. आई तिला वाढताना वाकायची. मला ती उभ्यानंच वाढे. ताई ताटावर हात आडवा धरायची आणि हळू आवाजात म्हणायची, ‘पुरे.’ आमच्या घरात हा शब्दच नव्हता. मला नको असलं की मी ‘नको ना गं!’ असं किंचाळायचे आणि आई ‘मुकाट्यानं खा’ म्हणून ते वाढायचीच. पण ताईचं ते ‘पुरे’ ऐकलं की आईचा हात थबके आणि तिचा चेहरा असा काही व्हायचा की माझ्या पोटात खरोखर दुखे. ताई पाणी आणायला उठली की आई म्हणे, ‘तू बस गं. दमली असशील.’ आणि लगेच दुसऱ्या सुरात मला, ‘ए, उठ की, दिसत नाही का?’ विमानात बसून दमायला काय होतं, हे मला कधी कळलं नाही.

मे महिना तर छळाचा. तिच्या शाळेला सुट्टी, आमची शाळा चालू. मी युनिफॉर्म चढवून बसमध्ये बसायचे आणि मागे त्या दोघी दिवसभर घरात. परत आले की आईचे केस विंचरलेले, दोघींच्या तोंडावर हसू, आणि कशाला हसलात विचारलं तर ‘काही नाही गं.’ ते ‘काही नाही’ मी वर्षानुवर्षं पुरवून पुरवून चघळलं.

हे मी लिहितेय ते ताईच्याच घरी बसून, दुबईतल्या अल मनखूलला. आता मेट्रोचे खांब उभे राहिलेत, आमची ती बिल्डिंग पाडून झाली, आणि मी इथं येते ती पाहुण्यांच्या व्हिसावर. ताईची मुलं माझ्याशी इंग्रजीत बोलतात आणि मी त्यांना मराठीत रागावते. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर एक लेसचा पडदा आहे, धुऊन धुऊन चहाच्या रंगाचा झालेला. त्या पडद्यासाठी हे प्रकरण.

मी बारावी झाले तेव्हा ताईचं शिक्षण आटोपलं होतं. बाबांनी एकदम जाहीर केलं की आपण चौघं युरोपला जायचं. दुबईतून निघणारी इंडियन लोकांची टूर होती, रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, तिन्ही त्रिकाळ शाकाहारी जेवणाच्या हमीसकट. दुबईचा परवाना होता म्हणून ताईला युरोपचा व्हिसा तिथूनच मिळाला. ‘बघ, इतकी वर्षं जिवंत ठेवला त्याचं सार्थक झालं,’ बाबा म्हणाले. मी खूश होते. नवीन जागी आपण सगळेच पाहुणे, तिथं कुणाला फुलांची चादर मिळणार नव्हती.

निघायला चार दिवस राहिले आणि बाबा ऑफिसमधून पडलेल्या चेहऱ्यानं आले. ते शिपिंगमध्ये होते. खोर फक्कानच्या बंदरात काहीतरी तातडीचं काम निघालं होतं.

‘लीव्हचं काय म्हणाला मॅनेजर?’ आईनं विचारलं.

‘म्हणाला, बघू नंतर, इन्शाल्ला.’

‘मग मिळेल की.’

‘अगं, तो इन्शाल्ला म्हणाला म्हणजे खलास.’

आई बाबांना सोडून जाईना. शेवटी ठरलं की आम्ही दोघींनी जायचं, टूरमधल्या देसाई काका-काकूंच्या नजरेखाली. आईनं दशम्या केल्या, लसणीची चटणी केली आणि ताईला बेडरूममध्ये नेऊन दार लोटून काहीतरी सांगितलं. मी दाराशी घुटमळले तर आतून आवाज आला, ‘तू बॅग भर तुझी.’ बाहेर आली तेव्हा ताईचे डोळे लाल होते. मला वाटलं, नेहमीचं लाडाचं भरतं.

रोममध्ये पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की ही सहलसुद्धा ताईचीच होणार. त्या प्रचंड गोल अवशेषांसमोर गाइड बोलत होता आणि सगळा ग्रुप सावली शोधत होता, फक्त ताई त्याच्या पुढ्यात उभी. मिरजेच्या वाचनालयातली कुठकुठली पुस्तकं तिनं वाचली होती देव जाणे, ती त्याला प्रश्न विचारी आणि तो खुलून आणखी सांगे. ती प्रत्येक भिंतीला हात लावायची. रस्त्यातल्या नळाचं पाणी ओंजळीनं प्यायची आणि तोंड पुसत म्हणायची, ‘गोड आहे गं, पी.’ मला दुबईत बाटलीबाहेरचं पाणी प्यायची सवय नव्हती, मी प्यायले नाही आणि दिवसभर तहानेनं मेले. खरं सांगायचं तर मला त्या दगडांचं काय करावं तेच समजत नव्हतं. मी वाढले त्या गावात, शाळेच्या सहलीत दाखवलेला एक किल्ला सोडला तर, आमची बिल्डिंग जुनी समजली जाई, आणि ती माझ्याहून थोडीच मोठी होती.

‘बघा हं,’ देसाई काकू काकांना म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं, ‘इंडियात वाढलेली मुलगी लगेच कळते. किती इंटरेस्ट घेते! आपल्याकडची पोरं बघा, कधीपासून आइस्क्रीम आइस्क्रीम.’

माझ्या हातात तेव्हा आइस्क्रीम होतं. मी ते संपवलं आणि दुसरं घेतलं.

‘यल्ला यल्ला,’ आमचा टूर मॅनेजर टाळ्या वाजवत होता, ‘फोटो खलास करो, बस खडी है!’ प्रत्येक फोटोत ताई सरळ उभी आहे आणि मी कडेला, अर्धी कापलेली. त्यात फोटो काढणाऱ्याचा काही दोष नाही. मीच सरकत होते.

फ्लॉरेन्समध्ये मात्र एक गंमत झाली. तिथं एका पुलावर दुकानंच दुकानं आहेत, त्या पुलाजवळ एक चामड्याच्या पिशव्यांचं दुकान होतं. ताई एक पाकीट उलटंपालटं करत होती. दुकानदार पिकल्या मिशांचा, हसरा. त्यानं इंग्रजीत विचारलं, ‘कुठून आलात तुम्ही?’

‘दुबई,’ ताई म्हणाली.

‘इंडिया,’ मी म्हणाले.

दोन्ही शब्द एकदमच पडले. त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, ‘मग तुम्ही बहिणी नाही?’

‘आहोत!’ आम्ही पुन्हा एकदमच म्हणालो आणि तो हसत सुटला.

मी हसले नाही. बाहेर आल्यावर मी तिला धरलं. ‘तू दुबई कशी काय म्हणालीस? तू कुठं राहतेस दुबईला?’

‘अगं, तोंडात बसलंय. मिरजेला मला सगळे दुबईचीच म्हणतात. शाळेत तर नावच होतं, दुबई. बाईसुद्धा म्हणायच्या, ए दुबई, फळा पूस.’ मग तिनं मला विचारलं, ‘आणि तू इंडिया का म्हणालीस? तू कुठं राहिलीस तिथं?’

करामात वाढलेलं कुठलंही पोर ‘मी दुबईची’ म्हणत नाही. शाळेत, दवाखान्यात, कुठंही विचारलं तरी आपण इंडिया म्हणतो, ते पाठच असतं. आपण इथले नाही हे आम्हाला बोलायला शिकायच्या आधी कळतं. आणि ही बया वर्षातून दोनदा येऊन शिक्का मारून जाणारी, पाकिटातून रुमाल काढावा तशी माझं गाव काढून त्या इटालियन माणसाला दाखवत होती. मला इतका राग आला की संध्याकाळभर मी तिच्याशी बोलले नाही. तिनं मला तेच पाकीट घेऊन दिलं, तरी नाही.

व्हेनिसला पाणी होतं. पाणी मला कळतं. दुबईच्या खाडीवरच्या अब्रात, त्या लाकडी होडीत, बसून मी वाढले. त्यामुळे तिथल्या होडीत मी ऐटीत पाय पसरून बसले आणि ताई कडा घट्ट धरून डोळे मिटून बसली, आणि त्या एका तासात मला तिच्याबद्दल प्रेमसुद्धा वाटलं. उतरल्यावर मी आपणहून तिचा हात धरला. असे हात धरून आम्ही एका लेसच्या दुकानात शिरलो.

ताईनं एक छोटा पांढरा पडदा उचलला. मग मामी मापं घेतात तसा तिनं पंजा ताणला आणि काउंटरवर विती मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार, आणि वर चार बोटं. तिचा चेहरा उजळला. ‘बरोब्बर बसेल,’ ती म्हणाली.

‘कशाला?’

‘बाल्कनीच्या खिडकीला.’

‘कुठल्या बाल्कनीच्या? आपल्या? तुला काय माहीत माप?’

‘मोजून आलेय ना निघताना,’ ती बोलून गेली. आणि मग तिनं पडद्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

‘का मोजलीस माझी खिडकी?’ मी विचारलं.

तिनं पडदा काउंटरवर ठेवला. मी पुन्हा म्हणाले, ‘मिरजेला खिडक्या संपल्या का?’

‘बाहेर चल,’ ती म्हणाली. ‘सांगते.’

दुकानाशेजारी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या, खालच्या शेवाळलेल्या. वरच्या पायरीवर आम्ही बसलो. ताईनं पर्समधून दशमी काढली, तुकडा मोडला आणि तो हातातच ठेवून सांगितलं. तिला दुबईत नोकरी बघायची होती, बाबांच्या ओळखीत एका ठिकाणी जवळजवळ ठरलंही होतं. ती आता आई-बाबांकडे राहणार होती, कायमची. आणि मी मिरजेला जाणार होते. इकडच्या कॉलेजची फी ऐकून बाबांना घाम फुटला होता. तिकडे इंजिनिअरिंगला प्रवेश होता आणि मामींच्या घरी खोली रिकामी होत होती. हे सगळं आई मला या सहलीत, छान गार हवेत, समजावून सांगणार होती. बाबांची रजा गेली म्हणून ते काम ताईवर आलं.

‘रोममध्येच सांगणार होते,’ ताई म्हणाली. ‘पण तू सारखं आइस्क्रीम खात होतीस.’

‘इट्स माय रूम!’ मी ओरडले. रागावले की मी इंग्रजीत जायचे, सगळीच करामाची मुलं जातात. ‘यू कान्ट जस्ट टेक इट! तुला सगळं मिळतं. सुरमई तुला, श्रीखंड तुला, चादर तुला, आई तुला. मला फक्त ओरडा मिळतो. आणि आता खोलीपण?’

मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, ‘तुला खूप ओरडते का गं आई?’

‘रोज!’

‘म्हणजे काय काय म्हणते?’

‘काय म्हणणार? लक्ष कुठंय, कार्टे, कानात बोळे घातलेत का.’

‘मग तू काय करतेस?’

‘दार आपटते.’

ताई हसायला लागली. हसता हसता तिनं दशमीचा तुकडा पाण्यात टाकला आणि तो कबुतरांनी नव्हे, एका मोठ्या पांढऱ्या पक्ष्यानं उचलला. ‘मला आई आजवर एकदासुद्धा ओरडलेली नाही,’ ती म्हणाली. ‘आणि मामींच्या घरात दार हळू लावायचं असतं. त्या काही बोलत नाहीत, खूप चांगल्या आहेत. पण आपणच हळू लावतो.’

आज हे वाचणाऱ्याला वाटेल, इथं मला समजलं. छे. मला काडीइतकंही समजलं नाही. उलट मी आणखी पेटले. आता हिला माझा ओरडापण हवा होता! घरातलं एवढं एकच माझ्या वाट्याचं होतं, आणि त्याच्यावरही डोळा. देसाई काकू ‘मुलींनो, बोट, बोट!’ करत आल्या तेव्हा मी उठून तरातरा पुढे निघाले. ताईनं परत दुकानात जाऊन तो पडदा विकत घेतला. विमानात तो तिच्या मांडीवर होता आणि मी सगळा प्रवास खिडकीकडे तोंड करून बसले, आई टॅक्सीत बसायची तशी.

पावसाळ्यात मी मिरजेला गेले. मामी खरंच चांगल्या होत्या. त्यांनी माझ्यासाठी ताईच्या खोलीत नवी गादी भरून घेतली, जेवताना आग्रह केला, कॉलेजला पहिल्या दिवशी मामा सोडायला आले. त्या घरात घड्याळाचा लंबक ऐकू येई इतकी शांतता होती. पहिल्या आठवड्यात मी एकदा दार आपटलं. मामी हळूच आल्या, त्यांनी बिजागरीला तेल घातलं आणि हसून निघून गेल्या. त्यानंतर मी आपटलं नाही. वर्गात एका मुलीनं विचारलं, कुठली तू? मी म्हणाले, ‘दुबई.’

दिवाळी आली आणि बाबांनी तिकीट पाठवलं. सहा महिने व्हायच्या आत जायला हवं होतं. माझा व्हिसा जिवंत ठेवायचा होता.

मी भडंगाचे डबे घेऊन करामाच्या जिन्यावरून वर आले. दारात आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी चपला जोडीनं काढून ठेवल्यात. बाल्कनीत फुलांची चादर घातली होती, उशीला नवा अभ्रा होता. खिडकीला तो पांढरा पडदा अगदी बेतानं बसला होता. एसी खोकत होता. ताईचे कपडे हॉलमधल्या सोफ्याच्या कडेवर रचलेले होते. हे सगळं मिळावं म्हणून मी इतकी वर्षं जळले होते, आणि आता ते माझं होतं.

जेवायला बसलो. आत स्वयंपाकघरात आईचा आवाज चढला, ‘अगं लक्ष कुठंय तुझं? किती शिट्ट्या झाल्या कुकरच्या? कानात बोळे घातलेत का, कार्टे?’

‘बघते ना गं!’ ताई आतून किंचाळली. किंचाळली! मिरजेला जिचा आवाज शेजारच्या खोलीत जात नसे, ती. मग भांड्याचा खणखणाट झाला आणि स्वयंपाकघराचं दार इतक्या जोरात आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

‘दार कुणावर आपटतेस?’ आई ओरडली.

माझ्या पोटात दुखायला लागलं. ते दुखणं मी ओळखत होते, फक्त या वेळी ते ताईला मिळालेल्या त्या ओरड्यामुळे होतं. मी पाणी आणायला म्हणून उठले. आई सुरमईचं ताट घेऊन बाहेर आली, मला बघून तिचा आवाज एकदम मऊ झाला.

‘तू बस गं,’ ती म्हणाली. ‘दमली असशील.’

मी बसले. ती वाकली आणि तिनं माझ्या ताटात सर्वांत मोठी तुकडी वाढली, मग दुसरी. तिसरी वाढायला लागली तेव्हा मला ‘नको ना गं!’ म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण माझा हात ताटावर आडवा झाला होता आणि मी हळू आवाजात म्हणत होते, ‘पुरे.’